पोर्ट वाईनचे भाव

१५ जानेवारी १९३३

शहाद्याच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं — पोर्ट वाईन! जेवणानंतर दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ. मी तीनदा विचारलं, दुसरं काही चालणार नाही का? ते म्हणाले, मास्तर, बाईंच्या अंगात रक्त नाही, अन्नावर वासना नाही. हेच द्या.

बाळ जाऊन आज अठरा दिवस झाले. नऊ दिवसांची होती. तेव्हापासून मंगला भिंतीकडे तोंड करून पडून आहे. बोलत नाही. आईने दूध-भाकरी कुस्करून भरवली तर दोन घास जातात, नाहीतर तेही नाही. मला भीती वाटते. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावतो आणि मी स्वतः भलतीकडेच असतो.

तर आता ब्राह्मणपुरीच्या शाळेचा हेडमास्तर दारू आणणार! ज्या घरात चातुर्मासात कांदा शिवत नाहीत, त्या घरात!

१६ जानेवारी

घरी सांगितलं. दादा खोकले आणि शेताकडे निघून गेले. म्हणजे नाही म्हणाले नाहीत. आई म्हणाली, आण, पण मी त्या बाटलीला हात लावणार नाही. वहिनीने तेच म्हटलं. मग पाजणार कोण? तेव्हाचं तेव्हा बघू.

१९ जानेवारी

शाळा सुटल्यावर सायकलने शहाद्याला, धर्मचंदच्या किराणा दुकानात. जिऱ्यापासून घासलेटपर्यंत कशाचाही भाव विचारा, हा माणूस डोळे मिटून सांगतो. पोर्ट वाईन म्हटल्यावर मात्र त्याने दोन्ही कानांना हात लावले. "मास्तर, जैनाच्या पेढीवर!" मग जरा वेळाने म्हणाला, घेण्यात पाप आहे, भाव विचारण्यात कसलं? आणि धुळ्याच्या भाच्याला कार्ड लिहिलं. कार्डात शब्द घातला — लाल औषध.

लोक हसतील, बायको आजारी आणि हा भाव विचारत फिरतो. पण मी साधा जोडा घेतानासुद्धा तीन दुकानं पालथी घालतो. मंगला माझ्यापेक्षा वरचढ. लग्नानंतर पहिल्यांदा बांगड्या भरायला गेली तेव्हा कासाराने दादांना येऊन सांगितलं होतं, पाटील, सून जपून पाठवत जा!

२३ जानेवारी

धुळ्याचं उत्तर आलं. सव्वातीन रुपये. पण मोटारीचं जाण्यायेण्याचं भाडं धरलं की बाटली सोन्याची होते.

सुरतेला पावणेतीन! हे मावसभाऊ मगनकडून कळलं. तो नंदुरबार स्टेशनात तिकीटबाबू आहे. त्याच्या ओळखीचा गार्ड आणून द्यायला तयार आहे, पण मगनच लिहितो की बाटली भरलेली पोचेल याची खात्री देत नाही.

नंदुरबारला स्टेशनरोडवर होरमसजी शेठचं दुकान. तिथे पावणेचार. लुटारू!

२५ जानेवारी

मंगलाने आज काहीच खाल्लं नाही. भाव गेले खड्ड्यात. रविवारी नंदुरबार.

२९ जानेवारी

गेलो आणि आलो. माझी जी फजिती झाली ती इथेच लिहून ठेवतो, दुसरीकडे सांगायची सोय नाही.

दुकानात पाऊल टाकतो तर काउंटरशी कोण? आमच्याच गावचे रेवजी पाटील, शाळा कमिटीचे! सोडावॉटर पीत उभे. आता तोंडाने भाव करणार कसा? बाटलीकडे नुसतं बोट दाखवलं. शेठ मोठ्याने म्हणाले, पावणेचार. रेवजी पाटलांनी मान वळवली.

तेवढ्यात बैलबाजार आठवला. तिथे आम्ही भाव बोलतच नाही. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. चार माणसं भोवती असली तरी भाव दोघांतच राहतो. मी उपरणं टाकलं शेठच्या हातावर आणि त्यांची तीन बोटं दाबली. म्हणजे तीन रुपये. शेठ आधी दचकले. म्हातारा पारशी, त्याचा हात असा कोणी कधी धरला असेल! मग हसून म्हणाले, "त्रण बाटली? बहु सारूं!" आणि भराभर तीन बाटल्या कागदात गुंडाळल्या. तीन घेता म्हणून साडेतीनच्या भावाने.

साडेदहा रुपये! कोटासाठी साठवलेले बारा खिशात होते. नाही म्हणायला तोंड उघडावं तर रेवजी पाटील शेजारी. गुपचूप दिले.

परतताना तेच माझ्या मोटारीत, माझ्याच बाकावर. खड्डा आला की पिशवी खणखणायची. काय घेतलंत मास्तर? म्हटलं, शाळेची शाई. तीन बाटल्या? म्हटलं, मुलं फार लिहितात. त्यांनी कमिटीत माझं कौतुक करायचं कबूल केलं आहे.

३० जानेवारी

पाजणारा मीच ठरलो, दुसरं कोण आहे! आई-दादांच्या देखत बायकोच्या खाटेशी बसायची या घरात रीत नाही. लग्नाला पाच वर्षं झाली, दिवसाउजेडी तिच्याजवळ कधी टेकलो नव्हतो. आज बसलो. अर्धा चमचा गोधडीवर सांडला. मंगलाने गिळलं आणि परत भिंतीकडे वळली. मी तसाच थोडा वेळ बसून राहिलो.

१ फेब्रुवारी

दोन वेळा, दोन चमचे. चमचा देऊन लगेच उठणं बरं वाटत नाही, म्हणून काहीतरी बोलतो. आज शाळेतलं सांगितलं. ऐकते की नाही कळत नाही.

२ फेब्रुवारी

बोलली!

चमचा पुढे केला तर बाटलीकडे बघून म्हणाली, "केवढाले पडनी?"

महिन्याभरानंतर पहिला शब्द, तोही भाव! मी म्हटलं, साडेतीन. तिने विचारलं, धुळ्याला कितीला मिळते? सव्वातीन म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मला फार फार बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

आज उपरण्याची गोष्ट सांगितली. पारशाची तीन बोटं कशी दाबली ते तिचीच बोटं धरून दाखवलं. ती हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन हसली आणि हसताहसता रडायला लागली. म्हणाली, तिचं कपाळ तुमच्यासारखं होतं. मीही रडलो, दादा ओट्यावर होते तरी. त्यांनी ऐकलं असणार. खोकले नाहीत.

रात्री तिने अर्धी भाकरी खाल्ली, वांग्याच्या भरताबरोबर.

१४ फेब्रुवारी

ओट्यावर येऊन बसली, ऊन खात. वहिनीबरोबर मिरच्यांचे देठ खुडले. दुपारी चाळण्या विकणारी आली तर दोन आणे कमी करून घेतले. आता मला काळजी नाही!

२६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. तब्येत छान, आता औषध बंद. हिशेब असा की एवढ्या दिवसांत एक बाटलीही संपली नाही. दोन बाटल्यांची बुचंसुद्धा निघालेली नाहीत! होरमसजी परत घेतील का? सव्वातीनला घेतल्या तरी मी मोकळा. रविवारी जातो. या वेळी तोंडाने बोलणार.

मंगलाला सांगितलं, औषध बंद. बरं म्हणाली आणि चुलीशी गेली. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसायला काही कारण नव्हतं. ओट्यावर दादांजवळ बसलो.

५ मार्च

नंदुरबारला निघालो होतो. आईने पिशवीतून दोन्ही बाटल्या काढल्या — स्वतःच्या हाताने — आणि कोनाड्यात ठेवल्या. म्हणाली, "डाक्टरले काय समजस? रोज सांजले तिनाजोडे बस. मन्हा दोन पोरे गयात तवय मन्हाजोडे कोनीच बसनं नही."

माझ्याआधी दोन होती, हे मला आज कळलं.