माझं नाक आणि पेम्बाची लवंग

तीर्थस्वरूप देविकाताईस,

मस्कतहून शिरीषचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे मनातल्या मनात). तुझी शुगर, भावोजींचा राग आणि सोसायटीचं पाणी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे रेखा आणि अंतरा मजेत आहेत. मी नाही.

कुरुमच्या सुपरमार्केट कंपनीत मी मसाले हुंगून पास-नापास करतो, हे तू चारचौघांत अभिमानाने सांगतेस. ते आता बंद कर. नाना गेले आणि विमानं बंद म्हणून वडिलांच्या अंत्यविधीलाही मला येता आलं नाही, त्याच आठवड्यात कोविडने माझं नाक नेलं, ते आजतागायत परत आलेलं नाही. तेव्हापासून मी माझी सहायक नूरैन (मूळची रत्नागिरीची, नाक भलतंच तिखट) हिच्या भुवया बघून सह्या करतो. डावी वर गेली की माल पास, दोन्ही खाली आल्या की परत. ऑफिसात माझ्या नाकाचं फार कौतुक आहे.

मागच्या मंगळवारी नूरैन रजेवर, आणि नेमक्या खुदेजाबाई आल्या. झांझिबारशेजारच्या पेम्बा बेटावरच्या. पन्नासेक बागायतदारांनी मिळून काढलेली कंपनी. आजवर त्यांची लवंग दुसऱ्यांच्या पोत्यांत, दुसऱ्यांच्या नावाने जगभर गेली. आता स्वतःचं पाकीट, स्वतःचं नाव. नैरोबी झालं, दुबई झालं, आता मस्कत. बाईंनी दोन बश्या मांडल्या, एकीत त्यांचा माल, दुसरीत बाजारात सध्या विकला जाणारा; कुठला कुठे ते सांगितलं नाही. मी डोळे मिटून हुंगलं (भुवया नव्हत्याच समोर). पहिल्या बशीला काही नाही. दुसरीतून मात्र नाना आले. फोनवर बोलताना गालात धरलेली त्यांची लवंग, इस्त्रीचा सदरा, सगळं. माझे डोळे भरून आले आणि मी दुसरी बशी पास केली.

बाईंनी दुसरी बशी उचलून स्वतः हुंगली. मग हळूच, सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत म्हणाल्या, "सर, उसका तेल निकाला हुआ है. उसमें खुशबू है ही नहीं."

ती बशी बाजारातल्या मालाची होती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रिपोर्टसाठी रविवारी येते म्हणाल्या, एवढंच. आता मी नापास लिहिलं तर त्या पन्नास घरांची लवंग पुन्हा परक्या पोत्यात, आणि खरं लिहिलं तर माझी नोकरी गेली.

तेव्हापासून तो वास माझ्यामागे आहे. रेखाची सुरमई करपली तरी मला पत्ता नसतो, पण संध्याकाळी अंतराला डे-केअरमधून घेऊन निघालो की गाडीत लवंग. मागच्या सीटवरून येते. वादी अदाईच्या घाटातल्या वळणांवर घट्ट होते. चव्वेचाळीस डिग्रीत काचा खाली केल्या, गेली नाही. आरशात बघितलं, तर फक्त अंतरा, तिच्या जागी, एका कडेला सरकून बसलेली. ताई, मला भीती वाटते. आणि तो वास गेला तर त्याहून वाईट वाटेल.

तुझा,
शिरीष

ता. क. रविवारचा रिपोर्ट लिहून ठेवला आहे. पेम्बाची लवंग उत्तम, नूरैनने तपासली. शिरीषला नाक नाही. तेव्हा भावोजींच्या कारखान्यात बिननाकाचं काही काम आहे का ते विचार (पत्र मुळात यासाठीच होतं).

आणखी एक. त्या दुसऱ्या बशीतली एक लवंग सोबत पाठवतो आहे, हुंगून वास येतो का तेवढं कळव. पाकीट चिकटवायला अंतराला दिलं होतं. तिने लवंग नाकाशी धरली आणि म्हणाली, "बाबा, हा कारमधल्या आजोबांचा स्मेल आहे." तिने नानांना कधी पाहिलेलं नाही. कुठले आजोबा, विचारलं, तर म्हणाली, मी त्यांना जागा देते ना रोज.