श्रीमंत सुंदराबाईंचं ताट

भोईवाडा, परळ
दि. १२ जानेवारी २०२५

चि. धम्मपाल यास,
सप्रेम जय भीम. अ. उ. आ.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडीने आईचा गुडघा धरतो, बाकी ठीक. भोईवाड्याहून माहीमला पत्र पाठवते म्हणून हसशील. हस. पण फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस. चढाईला गेल्यासारखा एका दमात बोलतोस आणि दम संपला की फोन ठेवतोस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

काल लालबागचा अभय आला होता. तुझ्या कबड्डीच्या संघात डावा कोपरा सांभाळायचा, तोच. तुझ्या हॉटेलची फ्रँचायझी घेतोय. त्याने तुझं माहितीपत्रक माझ्या हातात दिलं आणि हसत विचारलं की तुम्ही राजघराण्यातल्या आहात हे मावशीने, म्हणजे आपल्या आईने, आम्हाला इतकी वर्षं का नाही सांगितलं. मग माझा चेहरा पाहून तो चहा अर्धा टाकून गेला.

मी ते पत्रक तीनदा वाचलं. किळस आली रे. दुसरा शब्द सापडत नाही, आणि तेहतीस वर्षं मी शाळेत मराठीच शिकवलंय. वर तुझा जर्सीतला जुना फोटो, मांडीवर थाप मारतानाचा. खाली नाव काय, तर पाल सर. गमरे कुठे गेले? धम्म कुठे गेला? त्याखाली सोनेरी अक्षरांत श्रीमंत सुंदराबाईंचं ताट, आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली म्हणे दोनशे वर्षांची परंपरा! कुठला राजवाडा? संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही, म्हणून आईने दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्हवर चालू केलेली ती खानावळ. तीस डबे आणि दारात दोन पंगती. तिथलीच सुकट-भाकरी खाऊन तुझ्या त्या मांड्या झाल्या.

आणि पत्रकातला आईचा तो फोटो. स्टोव्हपुढे बसलेल्या आईच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिथे आता संगमरवरी खांब उभा आहे. आईच्या नाकात नथ आहे, कपाळावर चंद्रकोर. या बाईला मी ओळखत नाही.

तू पाठवलेला कागदही मिळाला. आपलं नाव आणि फोटो कंपनीला कायमचे दिले, असं आईने लिहून द्यायचं. तो मी तिला अजून दाखवलेला नाही. आधी तुझ्याकडून ऐकायचं आहे की हे सगळं तुझ्या नकळत झालं. तसं असेल तर दोन ओळी लिही, मी राग गिळीन.

प्रितीला आशीर्वाद. माझा लोभ आहेच, तो टिकवणं यावेळी तुझ्याकडे लागलं.

तुझी,
संघमित्राताई


माहीम
दि. १७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वीस वर्षांनी हाताने लिहितोय, अक्षराचे मार्क कापू नकोस.

ताई, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. नकळत काही झालेलं नाही. फोटो मीच पास केला. आधी जुना होता तसाच छापला होता. पहिल्या मीटिंगला चाळीस लोक आले. माझ्याबरोबर सेल्फी काढले, आईच्या हातचं कोलंबीचं कालवण चाटूनपुसून खाल्लं. जाताना तिघाचौघांनी बाजूला घेऊन विचारलं की सर मूळचे कुठले, आईसाहेबांचं माहेर कुठलं. ते काय विचारत होते ते तुला सांगायला नको. त्यातला एकही परत आला नाही. नवीन पत्रक काढल्यावर दोन महिन्यांत अकरा शाखा बुक झाल्या. एका चढाईत अकरा गडी, ताई! पूर्ण संघ असता तरी सातच मिळाले असते.

मैदानात मला आडनाव कुणी विचारलं नाही, कारण मी गुण आणून द्यायचो. गुडघा गेला, नोकरी सोडली, आणि मग कळलं की आता सगळे विचारतात. गिऱ्हाइकाला जेवणाबरोबर एक गोष्ट लागते. मी गोष्ट दिली. लाज वाटली का म्हणशील, तर वाटली. एक दिवस वाटली. एकदा ब्रँडचं नाव झालं की आपण कोण ते सगळ्यांना ओरडून सांगू. मध्यरेषेला हात लागेपर्यंत दम सोडायचा नसतो, एवढंच.

आठ फेब्रुवारीला दादरला हॉल घेतलाय. अकरा मालकांना किल्ल्या द्यायच्या आहेत, आईच्या हस्ते. तिच्यासाठी पैठणी पाठवतोय. तिने फक्त बसायचं, बोलायची गरज नाही. तिच्या सहीशिवाय वकील पाट्या लावू देत नाही, तेव्हा कागद तेवढा लवकर कर.

प्रिती नमस्कार सांगते. रागाव, पण लोभातून वजा करू नकोस.

तुझा,
पाल


भोईवाडा
दि. २३ जानेवारी २०२५

चि. धम्मपाल यास,
सप्रेम जय भीम.

कंपनीच्या गुळगुळीत कागदावर तुझं पत्र आलं. माथ्यावर सा. न. वि. वि. आहे. आपल्या घरात आलेल्या पत्रावर हे मी पहिल्यांदा वाचलं. तू ते मुद्दाम लिहिलं नसणार, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. हाताला सवय लागली तुझ्या.

आईला सगळं दाखवलं. तिने चष्मा लावून फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि ही कोण बाई म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. मग तिने त्या खांबावरून अंगठा फिरवला, काहीतरी चिकटलेलं निघतंय का पाहावं तसा, आणि साहेब कुठे गेले म्हणाली. तुझा कागद तिने घडी करून माझ्याकडे परत दिला. सही केली नाही. दुपारी ती जेवली नाही.

पैठणीवरून मात्र तिने दोनदा हात फिरवला, रंग छान आहे म्हणाली. मग घडी मोडू न देता खोक्यात ठेवली. या पत्राबरोबर परत पाठवते आहे.

आता माझं ऐक. बाजूला घेऊन माहेर विचारणाऱ्या त्या तिघाचौघांची मला तुझ्याहून जास्त किळस येते. पण ते माझे भाऊ नाहीत. नाव झालं की सांगू म्हणतोस. कुणाचं नाव होणार आहे? तू पुसलंस त्याचं? पाल सरांचं नाव होईल, आणि पाल सर मग गमऱ्यांच्या दारात कशाला येतील? लाज एक दिवस वाटली म्हणे. नोकरीत होतास तेव्हा किरकोळ रजा तरी जास्त घ्यायचास.

अजून वेळ आहे. जुना फोटो परत लाव, खाली आपलं पूर्ण नाव लाव. अकराच्या दोन शाखा झाल्या तर दोन. त्या दोघांकडे मी स्वतः जेवायला जाईन आणि पैसे देऊन जेवीन.

उत्तराची वाट पाहते. लोभ कमी झालेला नाही, फक्त बोलत नाही.

ताई


माहीम
दि. ३० जानेवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. (बघ, सुधारलो.)

आनंदाची बातमी. तुमचा प्रश्न सुटला! आईची सही नको, फोटो नको, काहीच नको. पाटीवर आता श्रीमंत गोदाबाईंचं ताट. नाटकांत आजीची कामं करणाऱ्या एक बाई आहेत, गोऱ्या, ठसठशीत. त्यांचे फोटोही काढून झाले. आईचं नाव आता कुठेही येणार नाही, त्यामुळे ताई, तुला रागवायला काही उरलेलं नाही. अभयने माघार घेतली, पण त्याच्या जागी दुसरा आला. अकरा ते अकराच.

एकच अडचण आहे. कालवणाला आईच्या हातची चव येत नाही. आचाऱ्यांनी तीनदा करून पाहिलं. वाटण कच्चं राहतं, नाहीतर जळतं, आणि सुकटीचा वास जात नाही. चव चुकली तर सगळं फुकट. तेव्हा आईने चार दिवस दादरच्या किचनमध्ये येऊन आचाऱ्यांना शिकवावं. गाडी दारात येईल, गुडघ्याला त्रास होणार नाही. मालक लोकही तिथे असतील, म्हणून तिची ओळख गोदाबाईंच्या हाताखालच्या बाई अशी करून देऊ, म्हणजे पुढचे प्रश्न येणार नाहीत. आईला चालेल. तिला कुठे नावाची हौस आहे!

सोमवारपासून पाठव. दोघींचा लोभ नेहमीसारखा धरून चालतो.

तुझा,
पाल


भोईवाडा
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मपाल,
आईचा जय भीम आणि आशीर्वाद.

मी सांगते तसंच संघमित्राने लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं ठरलंय. ती नाक फुगवून लिहिते आहे.

मला नावाची हौस नाही हे तू बरोबर लिहिलंस. खानावळीला मी पाटी लावली नव्हती. पण कुणी विचारलं तर नाव सांगायची. संपानंतरचं दुसरं वर्ष असेल. एक नवा कारकून जेवायला यायला लागला. आठदहा दिवस जेवला. कालवण दोनदा मागून घ्यायचा, हाताला चव आहे म्हणायचा. एकदा जेवता जेवता त्याने माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव. मी सांगितलं. तो अर्ध्या ताटावरून उठला. तोंडातला घास मोरीत थुंकला, चूळ भरली आणि चपला घालून चालता झाला. तू लहान होतास. काका का गेले म्हणून मागे लागलास, तेव्हा त्यांना तिखट लागलं असं मी तुला सांगितलं. लेकरांशी खोटं बोलले ते तेवढंच. ते ताट मी घासलं आणि रात्रीच्या पंगतीला पुन्हा मांडलं.

त्याचा राग मी धरून बसले नाही. तो परका होता आणि अर्ध्या ताटावरून उठला. तू माझ्या पोटचा आहेस आणि पोटभर जेवून उठलास.

दादरला मी येणार नाही. वाटण शिकवायला ना नाही. तुझ्या आचाऱ्यांना इथे पाठव, मालकांनाही पाठव, खोलीत मावतील तेवढे. दारातच त्यांना माझं नाव, आडनाव, गाव सांगीन. मग जे आत येतील त्यांच्यापुढे खोबरं भाजायला घेईन. किती आले ते तुला कळवीन.

जेवणाच्या वेळा चुकवू नकोस. प्रितीला सांभाळ. आईकडे लोभ मागायचा नसतो, म्हणून तूही पुढच्या पत्रात मागू नकोस.

सुंदराबाई बाबुराव गमरे