माझ्यावर सोपव

३ जून
नवी नोकरी! समुपदेशन केंद्रातली माझी खोली चांगली उजेडाची आहे. दोन खुर्च्या, एक कुंडी आणि कुरकुरणारा पंखा. आता रुग्ण मी पाहायचे नाहीत. ते पाहणाऱ्या शिकाऊंचं ऐकून घ्यायचं, त्यांना सांभाळायचं. म्हणजे एका फटक्यात सगळ्यांची सासू झालीस, असं नवरा म्हणाला. लेकीने माझ्या टेबलासाठी चित्र काढून दिलं. घरात ती एकटीच डावरी. रोजनिशी लिहिताना ती शेजारी अभ्यासाला बसली की आमची कोपरं आपटतात.

७ जून
एक शिकाऊ मुलगी फार गुणी, पण तोंड उतरलेलं. तिच्याकडे एक बाई येतात. त्यांचं म्हणणं, घरातला मुलगा आपला नाही. चेहरा तोच, पण हा उजव्या हाताने लिहितो, आपला डावरा होता. बाईंचा नवरा म्हणतो, पोरगा पहिल्यापासून उजवाच. सांगताना ही सारखी अंगठा चोळत होती. ती बाईंची लकब निघाली! मी हसून समजावलं, की रुग्णाचं असं थोडंफार ऐकणाऱ्याच्या अंगाला लागतंच आणि त्याच्याकडून आम्हा वरच्यांपर्यंत येतं, पुस्तकात आहे हे. सगळं माझ्यावर सोपव आणि मोकळी हो, म्हटलं.

१४ जून
तिने मन मोकळं केलं. जाताना अगदी हलकी दिसत होती. माझंच डोकं ठणकतंय. माझ्याआधी इथे असलेल्या सरांना फोन केला. त्यांनीही असंच एक प्रकरण ऐकून घेतलं होतं. त्यांची मुलगी आता आजीकडे असते. तिथे सुरक्षित आहे म्हणाले. कुणापासून, ते सांगितलं नाही.

१९ जून
जिवाला चैन नाही. चोळून चोळून अंगठा लाल झालाय. आज लेक शेजारी बसली, कोपर आपटलं नाही. पेन उजव्या हातात. नवरा म्हणाला, अगं, ती उजवीच आहे की. थट्टा करत असेल—
करत नव्हता.

२१ जून
त्या बाई एकदम बऱ्या झाल्या म्हणे. मुलाला जवळ घेऊन बसल्या होत्या. शिकाऊ खुशीत आहे. तिच्याकडून सुटलं ते— मी कुणावर सोपवू? माझं ऐकायला वर कुणीच नाही.

२२ जून
घरात आम्ही दोघीच. आई, आई करत मागे फिरतेय. आवाज तोच. हनुवटीवरचा तीळही— माझी लेक कुठे आहे विचारलं, तर रडते. खांदे धरून गदागदा हलवलं मी तिला— देवा—
बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घेतलंय. कडी काढायची नाही. तिच्यासाठी.
बाहेर ती फोनवर. बाबांना सांगतेय, लवकर या, ही आपली आई नाही. आई कधी डाव्या हाताने लिहीत—
पेन माझ्या