भालूसमोर बसलेला दादा

प्रिय दादा,

तुला वाचता येत नव्हतं, तरी मी तुला लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे काय! दोन ओळी लिहिते, उठते, गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे उगाच चाचपते, परत येते. सकाळपासून हेच चाललंय. शेवटी तुझे मेहुणे मनोज म्हणाले, "बस न वं एका जागी! तुझ्याकडं पाहून मलेच गरगरून राह्यलं."

गुरुवारी प्राणिसंग्रहालयातून, आपल्या झूमधून, मॅडमचा फोन आला होता. त्याच आपल्या, दर महिन्याला लोकांना गोळा करून कार्यक्रम घेणाऱ्या. उद्या रविवार, उद्या कार्यक्रम आहे. ऊन तापायला लागलं, म्हणून या वेळी टरबूज आणि केळीचे काप पाण्यात टाकून डबे भरायचे, त्यांचा बर्फ करायचा आणि तो प्राण्यांना द्यायचा. "ताई, याल न?" त्यांनी विचारलं. आणखीही एक गोष्ट विचारली, ती पुढे सांगते. मी त्यांच्यावर ओरडले आणि फोन ठेवला. तेव्हापासून तर माझे पाय मुळीच थांबत नाहीत.

तू असतास तर शनिवारी दुपारपासूनच बूट घालून दाराशी उभा राहिला असतास. मग आता मी कोणाशी बोलू, सांग?

आई गेल्यावर मी तुला भिवापूरहून इकडे शहरात, मनीषनगरला आणलं, तेव्हा तू चाळिशी ओलांडली होतीस. उंच, रुंद, दाढी अर्धी पिकलेली. बुटाची लेस बांधायला मात्र कोणीतरी लागायचं. आईने जाता जाता मला एकच सांगितलं होतं, "छोटे, याले कोंडून ठेवजो नको वं. हा फिरला म्हणजे बरा राह्यते." भिवापुरात ते सोपं होतं. घरापासून बाजारापर्यंत तू दिवसभर फेऱ्या मारायचास, मिरचीवाले तुला चहा पाजायचे, अंधार पडला की कोणीतरी तुला घरी आणून सोडायचं. सगळं गाव तुला ओळखत होतं.

इथं तिसऱ्या मजल्यावर कोण ओळखणार? हॉलपासून गॅलरी, गॅलरीपासून हॉल. जेवतानाही एक घास खायचास आणि एक चक्कर मारून यायचास. खालच्या काकू विचारायला आल्या, "दिवसभर कोण चालते वं तुमच्याकडं? आमचा पंखा हालते!" कॉलनीच्या बागेत नेलं तर आयांनी आपापली लेकरं जवळ ओढली. कोणी वाईट बोललं नाही, खोटं कशाला सांगू? पण बाग पाहता पाहता रिकामी झाली, आणि तू त्या रिकाम्या बागेत खूश होऊन फिरत राहिलास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तुझ्या लक्षातही नाही!

मग एक दिवस फोनवर झूच्या कार्यक्रमाचा मेसेज फिरत आला. खाली लिहिलं होतं, सर्व वयोगटांसाठी. असं तर सगळेच लिहितात. मी त्या नंबरवर फोन केला, तो मॅडमनीच उचलला.

"सर्व वयोगट म्हणजे कोण?" मी विचारलं.

"म्हणजे सगळेच, ताई."

"माझा भाऊ मोठा आहे. पण तो... तो एका जागी बसत नाही. बोलतो, पण लहान मुलासारखं."

"मग घेऊन या न. सगळ्यांत तेही आलेच."

इतकं साधं उत्तर मला वर्षानुवर्षांत कोणी दिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी कागदाचे मुखवटे करायचे होते. तू कात्री हातात घेतलीस, खाली ठेवलीस आणि निघालास. मी तुझ्यामागे धावले. तू थेट अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर जाऊन थांबलास. भालू म्हणायचास तू त्याला. तो भालू भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जात होता, मान झटकत होता, परत भिंतीकडे येत होता. सारखा, सारखा. आणि तूही कठड्याच्या अलीकडून त्याच्यासोबत चालायला लागलास! तो वळला की तू वळायचास. लोक हसायला लागले. दोन पोरांनी मोबाइल काढले. मी तुझा हात धरून ओढत होते, "दादा, चल न, लोक पाहून राहिले!" तू कुठला ऐकतोस?

तेवढ्यात मॅडम आल्या. पंचविशीची पोरगी, उन्हात काळवंडलेली. तू त्यांना विचारलंस, "हा काहून फिरून राह्यला?"

मला वाटलं, आता काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेतील. पण त्या खरं बोलल्या. "त्याला कंटाळा आला आहे, बंडूभाऊ. जंगलात तो दिवसभर खाणं शोधत फिरला असता. इथं आयतं मिळते. मग काय करणार?"

तू भालूकडे पाहतच म्हणालास, "मले बी."

दादा, इतकी वर्षं आम्ही तुझं काय काय समजत होतो! डॉक्टर एक नाव सांगायचे, आई देवाची करणी म्हणायची, मी नशीब म्हणायचे. तुला कंटाळा आला असेल, हे कोणाच्याच मनात आलं नाही. तू आधी का नाही सांगितलंस रे?

पुढच्या महिन्यात त्यांनी भालूसाठीच कार्यक्रम ठेवला. बांबूच्या नळ्यांना भोकं पाडलेली होती. आत फल्लीच्या शेंगांचे दाणे आणि गूळ भरायचा, मध लावायचा आणि दोन्ही तोंडं गवताने घट्ट बंद करायची, म्हणजे भालूला ते काढायला मेहनत पडेल. झाडाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. नातवंडं घेऊन आलेले आजोबा, कॉलेजची पोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, सगळे मधाने चिकट झालेले! तुझ्यासाठी मी कोपऱ्यातली जागा पाहत होते, तर तू मधोमध जाऊन मांडी घातलीस.

तुझ्या बाजूला फ्रॉक घातलेली एक चिमुकली होती. ती तुला दाणे देत होती, तू भरत होतास. तिची आई पाणी आणायला गेली होती. परत आली, तिने तुला पाहिलं आणि पोरीला दंडाला धरून उठवलं. "मॅडम, हे लहान मुलांमध्ये कसे काय बसले आहेत?"

तू उभा राहिलास आणि तुझे पाय चालायला लागले, तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे. हात चिकट, नळी तशीच हातात. मी पर्स उचलली. "चल दादा, घरी."

"नाई."

"चल म्हणते न!"

"माहं झालं नाई अजून."

तू मला आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालास. भर लोकांत!

मॅडम त्या बाईजवळ गेल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "ताई, कार्यक्रम सगळ्यांसाठीच आहे. तुम्हाला काळजी वाटणं चूक नाही. तुम्ही त्या दोघांच्या मधे बसा न. तुम्हालाही करता येईल."

ती बाई जाईल असं मला वाटलं. ती बसली. अंग आखडून, ओठ मिटून, पोरीला पलीकडे घेऊन. तूही बसलास. थोड्या वेळाने तिच्या बांगडीला मध लागला, बांगडीला गवत चिकटलं, आणि ते सोडवता सोडवता ती नळीच हाताला चिकटवून बसली. तू खो खो हसलास. इतक्या मोठ्याने, की मी पर्स परत उचलली. मग ती पोरगी हसली. मग ती बाईसुद्धा हसली, दादा! "काय वैताग आहे हा भालू!" म्हणाली.

नळ्या पिंजऱ्यात ठेवल्या आणि भालूला मागच्या खोलीतून सोडलं. त्याने भिंतीकडे एक चक्कर मारली, दुसरी मारताना मधेच थांबला. नाक वर केलं. मग एक नळी दोन्ही पंजांत धरून चक्क मागच्या पायांवर बसला आणि भोकाला तोंड लावून असा सूं सूं ओढायला लागला, की पोरं ओरडलीच.

सगळे भालूकडे पाहत होते. मी तुझ्याकडे पाहत होते. तू कठड्यासमोर जमिनीवर बसला होतास. पाय पसरून, हात मांडीवर, अगदी निवांत. लोक निघून गेले, सतरंज्या गुंडाळल्या, तरी तू बसलेलाच. तुला असं बसलेलं मी कधी पाहिलं होतं? मला आठवेना.

मग आपले सगळे रविवार तिकडचेच झाले, कार्यक्रम असो नसो. पहाटे पक्षी पाहायला जाणं, सापांच्या माहितीच्या दिवशी तुझं कानात बोटं घालून उभं राहणं, आजोबा लोकांच्या जंगलच्या गोष्टी. ते आजोबा तुला "ये गा बंडूभाऊ, इकडं ये" म्हणून बाजूला जागा द्यायचे. लग्नकार्यात कोणी तुला अशी जागा दिली होती का रे? घरातल्या चकरा थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. नळ्या भरायचा सराव तू घरी करायचास. माझ्या डब्यातला गूळ संपवलास, ओट्यावर मुंग्या आणल्यास! मनोजना रोज सांगायचास, "माहा भालू वाट पाहून राह्यला." मी स्वयंपाक करून वाट पाहायची, त्याचं काही नाही? भालूवर तुझा जास्त जीव होता. मला राग यायचा, आता सांगते.

थंडीत तुला ताप आला. छातीत कफ भरला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तुला ठेवलं, सलाइन लावली. तुला उठायचं होतं. "चाल न वं छोटे, चाल न." मी तुझा हात धरून बसायची, सिस्टर येऊन तुला थोपटून जायच्या.

शुक्रवारी तू विचारलंस, "आज रविवार हाये?"

"परवा आहे."

"बरं," म्हणालास.

आणि शनिवारी सकाळी गेलास. एक दिवस तुला थांबता आलं नाही? एकच दिवस होता, दादा!

लोक म्हणाले, शांत गेला. मला तेच सोसवत नाही. तुझे पाय इतके स्थिर मी कधी पाहिले नव्हते. भालूसमोर बसलेला असतानाही तुझा अंगठा हलायचा. तेव्हापासून मी बसले की मला तेच पाय दिसतात आणि मी उठते. ऑफिसात उठते, जेवताना उठते. मनोज आता ओरडतात, पण घाबरलेही आहेत.

आता ती दुसरी गोष्ट. मॅडम फोनवर म्हणाल्या, "ताई, एका बाईंचा फोन आला होता. त्यांची मुलगी वीस-बावीस वर्षांची आहे. एका जागी बसत नाही. त्यांनी मला तेच विचारलं, जे तुम्ही विचारलं होतं. त्यांना इथं कोणी ओळखीचं नाही. तुम्ही असाल तर त्यांना धीर येईल."

माझा असा तोल गेला! "माझा भाऊ गेला, मॅडम! त्याच्या जागी दुसरं कोणी आणून बसवायचं आणि तेही मीच?" मी फोन ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी त्या बाईंचा नंबर तेवढा पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

दोन दिवस तो नंबर मी उघडते आणि बंद करते. त्या बाईचा काय गुन्हा? त्या पोरीचा काय? तुझी जागा म्हणजे तरी काय, सतरंजीवरची हातभर जागाच न! पण ती हातभर जागा मिळवायला आपण किती फिरलो होतो.

आज भाजी फोडणीला टाकली, गॅस बारीक केला आणि लावला फोन. त्या बाई हळू आवाजात बोलत होत्या. मागून चपलांचा आवाज येत होता. जवळ, लांब, परत जवळ.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "पोरगी फिरून राहिली आहे. दार लावू का?"

"नको नको," मी म्हणाले. "फिरू द्या."

मी त्या चपलांचा आवाज ऐकतच राहिले. त्यांना वाटलं, फोन कटला. मग त्यांनी विचारलं, "लोक हसतील का हो?"

"हसतील. काही जण."

"मग?"

"मग काय, आपण दोघी आहोत न."

त्या रडल्या थोड्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "तुम्ही काय करता तिथं? म्हणजे आपण मोठ्यांनी काय करायचं असते?"

"उद्या फाटकाशी भेटू, मग सांगते," म्हणून मी फोन ठेवला, दादा. इतके रविवार मी तिथं गेले आणि माझ्या बोटाला कधी मध लागला नाही. तुझी पाण्याची बाटली धरून मी मागे उभी राहायची. कोण हसतंय, कोण लेकरू ओढतंय, तेवढं पाहायची. माझं बसायचं राहूनच गेलं.

भाजी करपली तिकडे. मनोजनी उठून खिडकी उघडली.

तर ऐक. उद्या सकाळी मी जाते आहे. फाटकाशी त्या मायलेकींची वाट पाहीन. त्या पोरीला फिरावंसं वाटलं तर तिच्यासोबत एक चक्कर मारीन. आणि मग सतरंजीवर बसून माझ्या हाताने एक डबा भरीन. टरबुजाचे काप मला तुझ्यासारखे दाबून भरता येणार नाहीत. बर्फ वेडावाकडा होईल, भालू कदाचित हुंगून फेकूनही देईल. देऊ दे! पण मी त्याच्यासमोर बसेन, दादा. जमेल तेवढा वेळ बसेन, हा माझा तुला शब्द.

तुझीच,
छोटी