पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, धंदा गाड्यांची सीटकव्हरं शिवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, कोणी सांगितलं म्हणून नव्हे तर मला वाटलं म्हणून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मुलाला तशी शंका होती म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी आज कोणता वार विचारलं. मी वार सांगितला, आणि तुमच्या गाडीच्या मागच्या सीटची शिवण उसवली आहे हेही सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, सही केली. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या तेवढ्या दिल्या आहेत.

कलम १. गॅरेज. पुढची शिलाईची खोली, मागची शेड, गाडीखाली उतरायचा खड्डा आणि माझ्या दिवंगत यजमानांची सगळी हत्यारं माझ्यामागे माझ्या नातीच्या एकटीच्या मालकीची होतील. नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी, वय तेवीस. हे गॅरेज गेली वीस वर्षं माझा मुलगा चालवतो हे मला ठाऊक आहे. तो आरडाओरडा करणार हेही ठाऊक आहे. करण्याआधी त्याने कलम ३ वाचावं.

कलम २. जीप. आमच्या मिस्त्रींनी, म्हणजे यजमानांनी, तीन मोडक्या गाड्यांमधून एक उभी केलेली हिरवी जीप माझ्या नावावर आहे. ती नातीलाच. जीपची आजची अवस्था कशामुळे झाली ते लिहून ठेवणं भाग आहे, कारण जावई प्रत्येकाला वेगळं सांगतात.

गेल्या महिन्यात जावई ऑफिसातल्या मित्रांना घेऊन जीपने फिरायला गेले. चांगला रस्ता होता. तो सोडून हे खडकातून खाली नदीत उतरले. का, तर मित्र फोटो काढणार होते. पाणी बॉनेटवर आलं आणि जीप मधोमध बंद पडली. मला फोन आला.

"आई, गाडी जरा थांबलीय."

"कुठे थांबलीय?"

"नदीत."

मी म्हटलं, "जावईबापू, चावीला हात लावू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर चावी फिरवली की आतला दांडा वाकतो. बॅटरीची तार काढा आणि दोर लावून बाहेर ओढा."

मग म्हणाले, "एकदाच फिरवली, आई." जेवायला बसले तेव्हा ती दोनदा झाली होती. आठवड्याने नातीने इंजिन उघडून वाकलेला दांडा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, तेव्हा सात वेळा असं ठरलं. मित्रांनी फोटो मात्र छान काढलेत. सातही वेळचे असतील.

मग नातीने बाह्या सरसावल्या. ऑइल काढलं तर दूध जास्त झालेल्या चहासारखं आलं. तिने ते तीन वेळा भरलं आणि तीन वेळा काढलं. नवा दांडा बसवला, गिअरबॉक्सचं तेल बदललं, ब्रेक उघडून गाळ धुतला, चाकांना नवं ग्रीस भरलं. मी सीटा उतरवल्या, फोम पिळला, माझीच जुनी कव्हरं धुऊन परत चढवली, गालिचे काढले. इंजिनाची चौकशी सगळे करतात, गालिच्याखाली कोणी बघत नाही, आणि गाडी सडते ती तिथूनच. तीन आठवडे आम्ही दोघी त्या शेडमध्ये होतो. मुलगा रोज येता जाता बघायचा. एकविसाव्या दिवशी जीप सुरू झाली तेव्हा तो म्हणाला, "आई, आता झकास नवी कव्हरं चढव, वास घालवायचा फवारा मारू, आणि विकून टाकू. कोणाला कळतंय?"

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ३. पांढरी गाडी. बारा वर्षांपूर्वी मुलाने पुरात बुडालेली एक पांढरी गाडी आणली. धुतली, पुसली, मला म्हणाला, नवी कव्हरं चढव. मी जुना फोम हातात घेतला आणि वासावरून ओळखलं. बोलले, "ही पाण्यात गेलेली आहे, गिऱ्हाइकाला सांगणार ना?" तो म्हणाला, "तू शिव ना आई, कोणाला कळतंय?" आणि मी शिवली. करड्या रंगाची, दुहेरी शिलाईची. फार सुंदर झाली होती, हे दुर्दैवाने खरं आहे.

गाडी एका नर्सबाईंनी घेतली. त्या खेड्यापाड्यांत बाळंतपणं करायला जायच्या. तिसऱ्या महिन्यात गाडी भर माळावर बंद पडली आणि बाई पिशवी डोक्यावर घेऊन दीड तास चालल्या. पोचल्या तेव्हा बाळ आधीच झालं होतं. दोघं सुखरूप होती, त्यात आमचं काही कर्तृत्व नाही. दुसऱ्या दिवशी बाई इथे आल्या. मुलगा मागच्या दाराने पसार. बाई भांडल्या नाहीत. मला गाडीपाशी नेलं, सीटबेल्टचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. माणूस रोज पट्टा अर्धाच ओढतो. शेवटची वीतभर कोणी धूत नाही. तिथून वाळलेला गाळ माझ्या शिवणीवर पडला. बाई म्हणाल्या, "टाके चांगले आहेत, मावशी." आणि गेल्या.

मुलाने पुढे त्यांना दुसरी गाडी दिली, त्याबद्दल त्याला पूर्ण गुण. पण मागच्या दाराने गेला त्याबद्दल मी बारा वर्षं त्याच्याशी कामापुरतं बोलते आहे. टाके माझे होते हे मी त्याला एकदाही म्हटलेलं नाही. ते इथे म्हणते. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक गाडीचा पट्टा मी शेवटपर्यंत ओढते. नातीला सगळ्यात आधी तेच शिकवलं. मुलाला शिकवलं नाही, कारण त्याला येत होतं.

कलम ४. बाकीचं. राहायच्या मागच्या दोन खोल्या मुलगा आणि मुलगी यांना सारख्या. भिंत घालायची झाल्यास माझ्या हयातीत विचारू नये. बँकेत आहे ते नातीला, तिने त्यातून गाडी उचलायची चांगली लिफ्ट घ्यावी. कपडे घेऊ नयेत, तिला शोभत नाहीत. शिलाई मशीन मुलीला. ती म्हणते, "आई, हॉलमध्ये किती छान दिसेल." त्यावर कुंडी ठेवलेली कोणाला दिसली तर त्याने मशीन उचलून न्यावं, हीच माझी परवानगी समजावी.

जावयांना पुढील तीन वस्तू. एक, इंजिनातला वाकलेला दांडा, दिवाणखान्यात लावण्यासाठी खिळ्यासकट. दोन, मिस्त्रींचे गमबूट. तीन, मिस्त्रींची खुणा केलेली काठी. ते कुठल्याही पाण्यात गाडी घालण्याआधी स्वतः उतरून, काठी टेकवत पलीकडे जाऊन यायचे. काठी पहिल्या खुणेच्या वर भिजली तर घरी परतायचे. जावयांनी या कामी साक्षीदार व्हायची तयारी दाखवली होती. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं मी सांगितल्यापासून ते फार खुशीत आहेत. राहू देत.

काल रविवारी इथवर लिहून मी कागद मशीनच्या खणात ठेवले होते. आज सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. सकाळी मुलगा मला न विचारता जीपसाठी गिऱ्हाईक घेऊन आला. लग्न ठरलेला मुलगा होता, होणाऱ्या बायकोला घेऊन डोंगरात जायचं म्हणत होता. मी पुढच्या खोलीत मशीन चालवत राहिले, सुईत दोरा नव्हता. चाळीस वर्षं मी मशीनच्या आवाजातच सगळं ऐकत आले आहे.

गिऱ्हाईक म्हणालं, "काका, कव्हरं काय मस्त आहेत! अगदी नवी वाटते."

मग शेडमधून एक आवाज आला. पट्टा ओढल्याचा, सावकाश, शेवटपर्यंत.

"हे बघा," मुलगा म्हणाला. "ही गाळाची रेघ. गाडी पाण्यात जाऊन आलीय, बॉनेटपर्यंत. माझ्या भाचीने चांगली केलीय, पण पुढे कुरकुर करणारच. घ्यायची तर हे बघून घ्या."

गिऱ्हाईक गेलं. जावयांचं म्हणणं, खणातले कागद त्याने वाचले असतील, म्हणून बोलला. असतील वाचले. माणूस कशामुळे का होईना खरं बोलला, तर डोंगरात अडकणारी दोन माणसं वाचली. मी उठून शेडमध्ये गेले. तो पट्टा परत आत सोडत होता. मी म्हटलं, "वाकडा जातोय." तो म्हणाला, "तूच शिकवलं नाहीस." मी म्हटलं, "हात बाजूला घे," आणि दाखवलं. मग त्याने विचारलं, "चहा टाकू का, आई?" बारा वर्षांत त्याने विचारलं नव्हतं, कारण मी नको म्हणायचे. आज टाक म्हटलं. साखर जास्त होती.

कलम ५. यामुळे कलम १ मधला "एकटीच्या" हा शब्द मी वाचता येईल असा खोडला आहे आणि वर "आणि मुलाच्या" असं लिहिलं आहे. तिथे बाजूला माझी सही आहे. शाई वेगळी दिसते कारण पेन त्याचं आहे. वाद घालू नये. जीपचा चालकाच्या बाजूचा पट्टा मी मुद्दाम धुतलेला नाही. पुढेही कोणी धुवू नये.

सही: सीटकव्हरवाली आजी
ठिकाण: शिलाईची खोली, मशीनवर कागद ठेवून
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. समोरचा टायरवाला (सही)
२. शेजारच्या निवृत्त कारकूनबाई (सही). खोडलेला शब्द पाहिला, बरोबर आहे. चहाला साखर खरंच जास्त होती.