रेहानाचा खांदा

सोम. १ डिसें.
शाळेत सॉफ्टबॉलचं पिचिंग मशीन आलं. चाकणच्या एका कंपनीने दिलंय. तीन पायांवर उभं, वर दोन रबरी चाकं, मधल्या फटीत बॉल सरकवायचा की सुटलाच. मुली नाचल्या नुसत्या. फक्त सानिका लांब उभी. आमची पिचर, बॉल टाकणारी. चऱ्होलीहून बसने येते, फार बोलत नाही. सगळ्या पांगल्यावर जवळ आली.
"मॅडम, म्हणजे आता बॅटिंगच्या प्रॅक्टिसला मला टाकायला नाही लागणार ना?"
"नाही गं."
किती मोकळा श्वास सोडला तिने. घरी येईपर्यंत तो श्वास ऐकू येत होता. रेहानाला असं कधीच...
जेवले नाही. ह्यांना सांगितलं, पित्त झालंय.

बुध. ३ डिसें.
मुली मशीनसमोर गडबडतात. चुकतात, चिडतात. "मॅडम, टाकणाऱ्याचा हात दिसत नाही, कळत नाही बॉल कधी येणार ते." बरोबर आहे. मग मीच मशीनमागे उभी राहिले. बॉल डोक्याच्या वर धरायचा, सगळ्यांना दाखवायचा, मग फटीत सोडायचा. तासाभरात जमायला लागलं.
मशीन दमत नाही. पहिला बॉल जसा, शेवटचाही तसाच.
नऊ वर्षांपूर्वी हे सगळं रेहाना टाकायची. सोळा वर्षांची पोर. एकेक मुलगी बॅटिंग करून जायची, दुसरी यायची, ही आपली गोल हात फिरवतेय. मधेच विचारायची, "मॅडम, अजून किती?" मी म्हणायची, "दहा." कधीच दहा नसायचे.

शुक्र. ५ डिसें.
आज चिंचवड स्टेशनजवळ रेहाना भेटली.
कंपनीच्या बसमधून उतरत होती, चष्म्याच्या दुकानात जायचं होतं तिला. मी बघून न बघितल्यासारखं करणार होते. तिनेच हाक मारली. डावा हात हलवला. उजवा खांद्याच्या वर जात नाही.
"ओळखलं का मॅडम?"
चाकणला एका कंपनीत माल तपासायला, इन्स्पेक्शनला आहे. पहिली शिफ्ट. दोन मैत्रिणींबरोबर तिथेच खोली घेतलीय. बारीक झालीय. हसते मात्र तशीच.
"मशीन आलं म्हणे! शाळेच्या ग्रुपवर फोटो बघितला. मला येऊ द्या ना एकदा. शप्पथ, मॅडम, मला बॅटिंग कधी मिळालीच नाही. मी कायम टाकणारी."
म्हटलं, ये. दुसरं काय म्हणणार?
अम्मी कशा आहेत विचारलं.
"असेल बरी. भावाकडे असते. आमचं जास्त बोलणं नाही, तुम्हाला तर माहितीये." मग म्हणाली, "गुरुवारी सुट्टी असते मला. येते."

रवि. ७ डिसें.
लिहूनच टाकते. या वहीत तरी.
राज्य स्पर्धेच्या आधी रेहानाचा खांदा दुखायला लागला. दवाखान्यात खांद्याचा एमआरआय काढला. रिपोर्ट आणायला तिची अम्मी एकटीच गेली, रेहानाला मी प्रॅक्टिसला थांबवून घेतलं होतं. अम्मीला वाचता येत नाही. डॉक्टर नव्हते, काउंटरवरचा म्हणाला, शाळेत मॅडमना दाखवा, त्या सांगतील. ती थेट माझ्याकडे आली. मी वाचलं. खांद्याचा स्नायू आतून फाटलाय, सहा आठवडे हात अजिबात वापरायचा नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी म्हणाले, "थोडी सूज आहे. खेळू शकते."
कागद माझ्याकडेच ठेवून घेतला.
आम्ही जिंकलो. तिसऱ्या दिवशी तिला वेणी घालायला हात वर नेता येईना.
नंतर डॉक्टर ओरडले, रिपोर्ट कुणी वाचला नाही का म्हणून. अम्मीने सांगितलं, मी मॅडमकडे दिला होता. रेहाना मला विचारायला आली. मी म्हणाले, "अम्मी माझ्याकडे आल्याच नव्हत्या."
तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आईवर नाही.

मंगळ. ९ डिसें.
मशीन बंद पडलं. एक चाक फिरतं, एक नाही. वायरमन उद्या येणार. जिल्ह्याची मॅच २० ला.
सानिका म्हणाली, "मी टाकते ना मॅडम." म्हटलं, थोडेच. कालच मुलींना सूर सापडला होता, तो जाऊ नये एवढंच डोक्यात. थोडेच म्हणता म्हणता बरेच झाले. मधे तिने दोनदा हात झटकला. मी बघितलं. बघून गप्प बसले.
मग ती म्हणाली, "अजून किती?"
"दहा."
तोंडातून गेलंच. कुणी मागून पाठीवर हात ठेवावा तसं झालं. वळून बघितलं, मागे नुसती जाळी. प्रॅक्टिस तिथेच थांबवली. सानिकाच्या बाबांना फोन केला, उद्या हिला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, रिपोर्ट तुम्ही स्वतः नीट वाचून घ्या. ते बावचळले. "काय झालं मॅडम?" मी म्हणाले, काही नाही.

गुरु. ११ डिसें.
वायरमनने काल मशीन सुरू करून दिलं. साडेचारला रेहाना आली. ओढणी कमरेला घट्ट बांधली, हेल्मेट घातलं. मुली बाकावर बसून बघत होत्या. वेगाचं बटण मी सगळ्यात कमीवर केलं. तर ओरडली, "मॅडम, मी म्हातारी नाहीये!"
तीन हुकले. चौथा लागला. माझ्या डावीकडून जमिनीवरून सुसाट गेला, थेट भिंतीला. कसली हसली! बॅट टाकून स्वतःभोवती फिरली. नंतर आणखी सहा-सात. मग उजवा हात धरून खाली बसली. म्हणाली, "बास. एवढाच आहे तो."
मुलींना घरी पाठवलं. तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं. सगळं. अम्मी आल्या होत्या, कागद माझ्या हातात दिला होता, मी वाचला होता.
तिने हेल्मेटचा पट्टा सोडवला, परत लावला.
"अम्मीने अल्लाची शपथ घेतली होती, मॅडम. रडून सांगत होती. मी तिला म्हटलं, मॅडम कशाला खोटं बोलतील? कागद तूच हरवला असशील." मग म्हणाली, "नऊ वर्षं मी तिला खोटारडी म्हणतेय."
मी माफी मागितली. तिने ऐकलं की नाही माहीत नाही. उठली, हेल्मेट घालूनच फाटकापर्यंत गेली. परत आली, हेल्मेट काढून मशीनवर ठेवलं. माझ्याकडे न बघता गेली.

शनि. १३ डिसें.
फोन नाही. मी केला, उचलला नाही. दुसऱ्यांदा केला नाही.
सानिकाच्या खांद्याला सूज आहे. पंधरा दिवस विश्रांती. २० ला खेळणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "एका मॅचचा तर प्रश्न आहे." मी नाही म्हणाले. फार मोठ्याने म्हणाले बहुतेक, कारकून वळून बघत होते.
बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

रवि. १४ डिसें.
अम्मीकडे गेले. गावठाणात त्यांच्या मुलाचं गॅरेज आहे, वर घर. त्यांनी ओळखलं. "या बाई, बसा." चहा ठेवायला उठल्या. मी म्हटलं, आधी ऐका.
त्यांनी ऐकलं. पदराने हात पुसत उभ्या होत्या, तशाच. शेवटी म्हणाल्या, "हे मला काय सांगताय बाई? कागद मीच दिलता. मला ठाव नसंल व्हय?"
"मग तुम्ही येऊन माझ्याशी भांडला का नाहीत?"
"आले होते की. दोन डाव. दुसऱ्या डावाला थेट ग्राउंडवर आले. तुमी पोरींना शिकवत होता. रेहाना कडंला बसली होती, हात गळ्यात बांधलेला. तुमच्याकडंच बघत होती. कशी बघत होती म्हणून सांगू..." थांबल्या. "खेळ गेला होता तिचा. तेवढ्या एक तुमी राहिला होता तिच्याजवळ. ते पन मी घ्यायचं? मी तिची आई हाय, मला काय, मी खोटी ठरले तरी आईच ऱ्हानार. फिरले माघारी."
मग त्यांनीच विचारलं,
"आता तिला सांगितलंत?"
"हो. गुरुवारी."
खाली बसल्या. खालून गॅरेजात कुणीतरी गाडी रेस करत होतं.
"हितं न्हाई आली ती," म्हणाल्या. "तुमीबी तुटला, माझ्याकडंबी न्हाई आली. मग कुणाकडं गेली असंल?"
चहा झाला नाही. निघताना त्यांनी माझा नंबर मुलाकडून आपल्या मोबाइलमध्ये घालून घेतला.

मंगळ. १६ डिसें.
चाकणला जावं का? खोलीचा पत्ता नाही. कंपनीच्या गेटवर उभं राहायचं, आणि काय म्हणायचं?
प्रॅक्टिसला बॉल वर धरते आणि सोडायचाच विसरते. एक मुलगी म्हणाली, मॅडम, सोडा ना.

गुरु. १८ डिसें.
तिचा सुट्टीचा दिवस. साडेचार झाले, पाच झाले. फाटकाकडे बघत मशीनमध्ये बॉल सोडत होते, दोन फटीच्या बाहेर पडले. सव्वापाचला फोन वाजला. अम्मी.
"बाई, आली."
"काय म्हणाली?"
"काय न्हाई. एक शब्द न्हाई. दारात उभी ऱ्हायली, मग आत येऊन बसली. आता जेवतीये."
"माझ्याबद्दल काही..."
"न्हाई." मागे भांड्याचा आवाज. "तुमचं काय करायचं ते तिचं ती बघंल. मी मधी पडनार न्हाई. ठेवते, तिला भाकरी पायजे."