दार का उघडलं नाही

प्रिय शरू,

तुला आणि पोटातल्या बाळाला आशीर्वाद. परवा तू वासण्याच्या तुझ्या घरून एवढी धापा टाकत आलीस आणि मी आतून कडी लावून ‘आज नको, परत जा’ म्हणालो. रिक्षात बसताना तू डोळे पुसत होतीस, ते खिडकीतून पाहिलं. आईला काही सांगू दिलं नाही म्हणून तिने दिवसभर माझ्याशी बोलणंच टाकलं.

त्या सकाळी माझा पेट स्कॅन झाला होता. त्यात शिरेतून साखरेसारखं एक किरणोत्सर्गी औषध देतात. रोगाच्या पेशी ते अधाशासारखं ओढून घेतात आणि चित्रात दिव्यासारख्या पेटलेल्या दिसतात. ‘काका, आजचा दिवस गरोदर बाईजवळ जायचं नाही,’ असं नर्सने बजावलं होतं. तुला हे सांगितलं असतं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

पोटातल्या गाठींचा कॅन्सर, लिम्फोमा, एवढंच तुला माहीत आहे. तो सुरू झाला अंडकोशात. तू ज्याला हर्नियाचं ऑपरेशन समजलीस, त्यात उजवीकडचा काढला. लेकीला बापाने हे कोणत्या शब्दांत सांगावं? आत्ताही लिहिताना कान तापलेत. हा प्रकार दुर्मिळ आहे आणि लबाडही. मेंदूत किंवा दुसऱ्या बाजूच्या अंडकोशात पुन्हा डोकं काढतो. पाठीच्या कण्यातली ती इंजेक्शनं त्यासाठीच होती.

पहिल्या स्कॅनमध्ये माझ्या पोटात रोषणाईच होती गं. केमोच्या मध्यावर पाहिलं तर सगळं विझलेलं. तेव्हा तुझी आई हॉस्पिटलमधून थेट फाफडा-जिलेबी आणायला गेली.

परवाच्या स्कॅनचा रिपोर्ट काल आला. पोट स्वच्छ आहे. पण डावीकडच्या अंडकोशात एक ठिपका पेटलाय. डॉक्टर म्हणाले, "काका, तिथे थोडी चमक निरोगी माणसालाही दिसते. पण तुमच्या बाबतीत मी अंदाजावर सोडणार नाही. सोनोग्राफी करू. संशय वाटला तर तोही काढावा लागेल." त्यानंतरचं मी काही ऐकलं नाही. वर्कशॉपात तापल्या लोखंडाशेजारी सगळी नोकरी केलेला माणूस मी, पण कालपासून एका ठिपक्याला घाबरतोय. डोळे मिटले की तो ठिपका मोठा होतो. बाळाचं तोंड पाहायला मिळेल का, हे कुणाला विचारू?

सोनोग्राफी सोमवारी आहे. मी आईला सांगून टाकलं, मी जाणार नाही. ती चिडली, रडली, शेवटी म्हणाली, "मग हे तुमच्या लेकीला तुमच्याच हातांनी कळवा." तेच कळवायला बसलो होतो. पण इथवर आलो आणि लक्षात आलं, मला नकार कळवायचा नाहीये. मला एकट्याला उंबरा ओलांडवत नाही, एवढंच आहे. तेव्हा सोमवारी ये, शरू. रागावलेली असलीस तरी ये. नुसतं ‘चला बाबा’ म्हण. मी चप्पल घालीन.

तुझाच,
बाबा